मानेचे ऑपरेशन झाले, कामावर कधी जायचे?

ज्या घरात मानेचे ऑपरेशन होते, त्या घरात आठ दिवसांतच प्रश्न निघतो, कामावर कधी जाणार? डोक्यावर पाटी, गोणी वाहणाऱ्याच्या घरी तर हा प्रश्न चुलीचाच असतो.

मानेत 7 मणके आहेत. दोन मणक्यांमधली गादी सरकली की हाताकडे जाणारी नस दबते. मग खांद्यापासून बोटांपर्यंत कळ, मुंग्या येतात, हातातला जोर जातो. ऑपरेशनमध्ये बहुधा गळ्याच्या पुढून जाऊन ती गादी काढतात व दोन्ही मणके जोडतात. म्हणून सुरुवातीला घास अडतो, आवाज बसतो. पेज, मऊ भात द्यावा.

हाताची कळ बहुतेकांची लवकर थांबते आणि इथेच माणूस फसतो. दुखत नाही म्हणून कामाला लागतो. पण कळ जाणे वेगळे आणि हाड जुळणे वेगळे. त्याला तीन महिने, कधी वर्षही लागते. बधिरपणा तर फारच सावकाश जातो, काहींचा थोडा राहतोही. इजा झालेली नस दिवसाला सुमारे 1 मिलिमीटर वाढते. मानेपासून बोटापर्यंतचे अंतर आपणच मोजून पाहावे! शर्टाची गुंडी लागत नाही म्हणून ऑपरेशन फुकट गेले, असे समजू नये.

रोज थोडे थोडे चालावे. भरलेली बादली, हंडा, कडेवर मूल, फळीवरचा डबा हे डॉक्टर सांगेपर्यंत बंद. आपल्याकडे बाई दवाखान्यातून आली की दुसऱ्या दिवशी मोरीवर बसलेली दिसते. जणू तिचे ऑपरेशन हे ऑपरेशनच नव्हे! कपडे-पाणी घरातल्या पुरुषांनी करावे. तंबाखू, बिडी सोडावी, त्याने हाड जुळायला अडथळा येतो. न्हाव्याकडून मान मोडून घेणे कायमचे बंद.

गळा सुजून श्वास अडला, जखमेतून पू आला, पाय लटपटू लागले किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर तडक दवाखाना गाठावा.

ई.एस.आय.चे कार्ड असेल व वर्गणीची अट पुरी होत असेल, तर आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. नाक्यावरच्या मजुराला हा आधार नाही. म्हणून तर तो घाई करतो.

"जड काम करू नका" एवढ्यावर उठून येऊ नये. किती किलो, दिवसातून किती वेळा, डोक्यावर की हातात, हे डॉक्टरांना स्वतः सांगावे आणि मुकादमाला दाखवायला चिठ्ठी लिहून घ्यावी.