टोकियोतली नाताळची खरेदी

जपानमध्ये नाताळची सुटी नसते. २५ डिसेंबरला कचेऱ्या, बँका, कारखाने रोजच्यासारखे सुरू असतात आणि देशात ख्रिस्ती लोक आहेत जेमतेम एक टक्का. तरीही नोव्हेंबर लागला की टोकियोतली दुकाने माळांनी सजतात आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोठ्या बाजारपेठांत पाय ठेवायला जागा उरत नाही. जालना जिल्ह्यात चित्र नेमके उलटे. मिशनरी नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हापासून इथल्या नाताळात प्रार्थना आधी आणि बाजार नंतर. टोकियोत मात्र बाजार हाच सण आहे.

याला इतिहास आहे. फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्यातून निघून कागोशिमाला उतरला आणि जपानला ख्रिस्ती धर्माची ओळख झाली. पुढे तोकुगावा राजवटीने १६१४ मध्ये या धर्मावर देशभर बंदी घातली. ती सैल झाली १८७३ मध्ये. मधली अडीच शतके कोरीच गेली. मग नाताळ परतला तो परदेशी माल विकणाऱ्या दुकानांच्या काचेतून. योकोहामात १९१० साली सुरू झालेल्या फुजिया या मिठाईवाल्याने नाताळचा केक घरोघरी नेला, आणि १९७४ पासून केंटुकी फ्राइड चिकनने जाहिरातींचा असा सपाटा लावला की तळलेली कोंबडी हे नाताळचे पक्वान्न होऊन बसले. एखाद्या कंपनीने कुळाचार घालून द्यावा, असे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

परदेशी माणूस फसतो तो इथेच. हा केक सुक्यामेव्याचा काळपट केक नसतो. पांढऱ्या क्रीमवर लाल स्ट्रॉबेरी लावलेला तो हलका स्पंज असतो, आणि त्याची नोंदणी कित्येक आठवडे आधी करायची असते. चिकनच्या डब्याचेही तेच. खरा सण २४ तारखेच्या संध्याकाळचा. त्या दिवशी कामावरून सुटून कोणी आयत्या वेळी दुकानात गेला, तर बाहेर रांग दिसते, पण ती बहुतेक आधी नोंदवलेला डबा न्यायला आलेल्यांची असते. डिसेंबरात स्ट्रॉबेरीचा भावही चढलेला असतो. सगळ्या देशाला ती एकाच दिवशी हवी असते.

भेटवस्तूंची यादीही निराळी. लहान मुलांची भेट २४ च्या रात्री उशाशी ठेवली जाते आणि तरुण जोडपी एकमेकांना काहीतरी देतात. तिथे यादी संपली. नातेवाइकांना आणि वरिष्ठांना द्यायच्या वर्षअखेरच्या भेटींना ओसेइबो म्हणतात, त्यांचा नाताळशी संबंध नाही. मुलांना रोख पैसे मिळतात ते नववर्षाला. म्हणून कचेरीतल्या प्रत्येकासाठी हौसेने भेट आणणारा परदेशी सहकारी लोकांना पेचात टाकतो, कारण घेतलेल्या भेटीची परतफेड तिथे करावीच लागते.

मराठी कुटुंबांना या बाजाराची ओळख बहुधा मुलांमुळे होते. २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते मोठ्या संख्येने टोकियोत आले आणि एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात राहू लागले, कारण तोझाई मार्गाच्या गाडीने ओतेमाची, निहोनबाशीच्या कचेऱ्या थेट गाठता येतात. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. या भागात दिवाळी धडाक्यात होते, डाळ-तांदूळ-मसाल्यांची दुकाने हाताशी आहेत. पण शाळेत सांताक्लॉजच्या गोष्टी ऐकून आलेल्या मुलाची समजूत चकली देऊन निघत नाही. शाकाहारी घरात तर केकपासूनच पेच सुरू होतो. पाकीटबंद खाण्यावर अंडे, दूध, गहू यांचा उल्लेख कायद्याने करावा लागतो, त्यामुळे 'तामागो' म्हणजे अंडे एवढे वाचता आले तरी बरेच भागते. जिलेटिन मात्र घटकांच्या यादीत शोधावे लागते.

गर्दीचे म्हणाल तर शिंजुकू स्थानकातून रोज लाखो माणसे ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर वाटा आहेत. दुकान कुठे आहे यापेक्षा कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे आधी ठरवलेले बरे. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाद्यपदार्थांचा अख्खा बाजार असतो, त्याला देपाचिका म्हणतात. डिसेंबरात तिथे माणसाला माणूस चिकटलेला असतो, तरी ढकलाढकली नसते. रांगेचे शेवटचे टोक दाखवायला पाटी घेतलेला एक कर्मचारी उभा असतो.

गल्ल्यावर पैसे हातात देत नाहीत, समोरच्या छोट्या तबकात ठेवतात. मग विक्रेती विचारते, 'गो-जिताकु-यो देस का?' वस्तू घरच्यासाठी आहे का, असा तो प्रश्न. न कळताच नवखा माणूस 'हाय', म्हणजे 'हो', म्हणून मान डोलावतो आणि वस्तू साध्या पिशवीत येते. 'पुरेझेन्तो', म्हणजे भेट, असे म्हटले की चित्रच पालटते. खोका कागदावर तिरका ठेवून ती तो गरागरा फिरवते, घड्या आपोआप पडत जातात आणि चिकटपट्टीचे एक-दोन तुकडे पुरतात. वर फीत आणि हातात द्यायला वेगळी कोरी पिशवी. मोठ्या दुकानांत यातल्या साध्या वेष्टनाचे पैसे सहसा पडत नाहीत.

घासाघीस या दुकानांत चालत नाही. घरी न्यायच्या खाद्यपदार्थांवर ८ टक्के आणि इतर वस्तूंवर १० टक्के उपभोग कर लागतो. पर्यटकाला ५,००० येनांपासूनच्या खरेदीवर करसवलत मिळते, तिथे नोकरी करणाऱ्याला नाही. बुटांचे माप सेंटिमीटरमध्ये असते. विजेची खेळणी किंवा दिव्यांच्या माळा भारतात पाठवायच्या असतील, तर खोक्यावरचा व्होल्टेज पाहावा: जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०ची. सजावटीचे सामान घाऊक भावात हवे असेल तर आसाकुसाबाशी. बोलाचालीने भाव उतरणारी जागा म्हणजे उएनोजवळचे आमेयोको, युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेली गल्ली. तिथे सुकामेवा आणि मासळीवाले ओरडून ओरडून भाव पाडतात.

सामान जड झाले की लोकलमध्ये घेऊन चढायची गरज नाही. यामातो कंपनीने १९७६ मध्ये सुरू केलेली ताक्क्यूबिन ही घरपोच सेवा दिवस आणि वेळ विचारून खोका आणून देते. पत्ता मात्र जपानी लिपीत लिहिता आला की काम झटकन होते, म्हणून तो मोबाइलमध्ये तयार ठेवतात.

२५ च्या संध्याकाळी उरलेल्या केकवर निम्म्या किमतीच्या चिठ्ठ्या लागतात आणि रात्रीतून दुकाने सजावट उतरवतात. २६ ला तिथे बांबू-पाइनची कादोमात्सु ही सजावट आणि नववर्षाचा मोची हा तांदळाचा पदार्थ असतो. नाताळच्या माळा, तारे, कागद पुढच्या वर्षासाठी स्वस्तात घेऊन ठेवायचे, तर ते २५ च्या संध्याकाळीच घ्यावे लागतात.