घरच्या घरी होडीच्या गाठी

मागच्या शिबिरात मी होडीची दोरी खांबाला बांधली आणि जेवायला गेलो. परत आलो तर होडी तळ्याच्या मध्यावर! आत कोणी नव्हते, म्हणून फक्त बोलणी खाल्ली. आत एखादा ज्युनियर असता तर?

सुट्टीत नोएडाला घरी आल्यावर दोन मीटर दोरी घेऊन बसलो. दिल्लीला समुद्र नाही, पण सरावाला पलंगाचा पाय आणि खिडकीचे गज पुरतात.

आजी दोनच गाठी मानते: ओढताच सुटणारी सुरगाठ आणि नखांनीही न सुटणारी निरगाठ. होडीला मात्र ताणाखाली टिकणारी, पण काम झाल्यावर सोडता येणारी गाठ हवी.

बोलाईन : न आवळणारा फास. दोरीवर छोटे वेटोळे करा. टोकाकडचा भाग वर ठेवा. टोक वेटोळ्यातून खालून वर काढा, मुख्य दोरीच्या मागून फिरवा आणि त्याच वेटोळ्यातून खाली घाला. टोक वीतभर तरी मोकळे ठेवा.

क्लोव्ह हिच : खांबाला एक वेढा द्या, दोरी त्यावरून तिरकी नेऊन दुसरा वेढा द्या आणि टोक त्या दुसऱ्या वेढ्याखालून काढा. पटकन बसते, पण होडी हलत राहिली की सरकते. माझी चूक हीच होती. होडी सोडून जायचे असेल तर खांबाला दोन पूर्ण वेढे देऊन मुख्य दोरीवर दोन अर्ध्या गाठी मारा.

रीफ नॉट : उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. दोन्ही वेळा उजवेच टोक डाव्यावर आले तर गाठ फसवी. परेडच्या बुटांची नाडी पाहा: फुलाचे कान आडवे राहिले तर बरोबर, बुटाच्या लांबीत वळले तर चूक. ही गाठ शीड गुंडाळून बांधायला आहे; वजन पेलणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला कधीही वापरू नका. त्यासाठी शीट बेंड शिका.

हात बसला की डोळे मिटून बांधा, मग दोरी ओली करून. रात्री वाऱ्यात कोणी दिवा धरत नाही. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. तिथे चुकलेली गाठ सुधारायला दुसरे कोणीच नव्हते.

एक नियम मात्र पाळा: सरावातही फास कोणाच्या गळ्यात घालायचा नाही.

आता मी बांधलेली गाठ आधी स्वतः ओढून बघतो. मगच जेवायला जातो.