वाफेची कॉफी, दाबाची कॉफी

सायखेडा-चांदोरी भागातल्या लग्नांत जेवणाच्या मांडवाशेजारी कॉफीचा स्टॉल असला की गर्दी तिथेच. टेबलावर स्टीलचा उभा बॉयलर, खाली गॅसची शेगडी, वर प्रेशरचा काटा आणि बाजूला वाफेची नळी. मागे ताटकळलेली पोरं : ‘दादा, वरून पावडर जास्त टाका ना!’ पाटीवर लिहिलेलं असतं ‘एस्प्रेसो’.

कॉफीवाल्याचा हात बघण्यासारखा असतो. मगमध्ये इन्स्टंट कॉफी, साखर आणि चमचाभर पाणी घेऊन तो ते मिश्रण गडद तपकिरीचं फिकट बदामी होईपर्यंत फेटतो. मग दूध ओततो आणि नळीचं टोक दुधात जेमतेम बुडेल इतकंच धरतो. कॉक उघडला की आधी फुरफुर होते, हवा दुधात शिरते. फेस चढला की तो नळी खोल नेतो, आवाज घुमतो आणि दूध तापतं. वर पावडर भुरभुरली की कप तयार. हाताच्या अंदाजावर एकामागून एक कप एकाच चवीचे काढणं सोपं नाही.

मात्र या कपात एस्प्रेसो नाही. एस्प्रेसोच्या यंत्राचा एक अवयव तेवढा आहे : दूध फेसाळणारी वाफेची नळी. दुसरा अवयव, जिथे दळलेल्या कॉफीतून दाबाने पाणी जातं, तो इथे नाहीच. हे समजलं की एस्प्रेसोचं कोडं बरंचसं सुटतं.

सुरुवातीला इटलीतही सगळा खेळ वाफेचाच होता. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदोने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ मध्ये एकेक कप काढता येईल असं यंत्र रचलं आणि देझिदेरिओ पावोनीने ते १९०५ पासून बाजारात आणलं. गिऱ्हाईक उभं असताना कॉफी हातात पडू लागली. पण बॉयलरच्या वाफेचा जोर जेमतेम दीड बार, आणि त्या उकळत्या पाण्याने कॉफी करपट लागायची.

हा दोष काढला मिलानच्याच आकिल्ले गाज्जाने. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या सुमारास, त्याने दांडा आणि स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या बसवला. आता पाणी ढकलायचं काम वाफेकडे राहिलं नाही, दट्ट्याकडे आलं. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कॉफीवर पहिल्यांदाच सोनेरी-तांबूस साय धरली. तीच क्रेमा. ‘वाफेशिवाय चालते’ अशी जाहिरात गाज्जाच्या यंत्रावर असे. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या यंत्रात दट्ट्याच्या जागी विजेचा पंप आला. आजच्या कॅफेतली यंत्रं त्याच वळणाची आहेत.

नऊ बार म्हणजे किती, हे निफाड तालुक्यातल्या बागायतदाराला लगेच कळेल. द्राक्षबागेचं ठिबक साधारण एक-दीड किलो दाबावर चालतं. एस्प्रेसोला लागतात नऊ किलो, आणि तेही सात ते नऊ ग्रॅम कॉफीच्या दाबून बसवलेल्या चकतीवर. पाणी ९० ते ९६ अंश तापलेलं. पंचवीस-तीस सेकंदांत कपात २५ ते ३० मिलिलिटर कॉफी उतरते. पहिले थेंब जवळपास काळे, मग मधासारखी बारीक धार, शेवटी ती पिवळट पडते. पिवळट झाली की थांबायचं, पुढे नुसता कडवटपणा येतो. दळण जाड असेल तर पाणी भसाभसा निघून जातं आणि कॉफी पाणचट, आंबट होते. फार बारीक असेल तर पाणी अडतं आणि कॉफी कडू होते. खरं कौशल्य म्हणून दळण्यात आहे. यंत्र कितीही महाग असो, शिळ्या भुकटीपुढे ते हतबल असतं. भाजलेल्या बियांत कोंडलेला वायू उडून गेला की क्रेमाही धरत नाही.

बाकीच्या कॉफ्यांत हा जोर कुठेच नाही. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने हळूहळू झिरपतं, चिकोरीमुळे डिकॉक्शनला दाटपणा येतो. आपल्या घरची जायफळ घातलेली कॉफी दुधातच उकळते. इन्स्टंट कॉफी तर कारखान्यात आधीच गाळून वाळवलेली असते, कपात ती फक्त विरघळते. यातली एकही कमअस्सल नाही. एस्प्रेसोचं वेगळेपण एवढंच की दाबामुळे कॉफीतलं तेल पाण्यात मिसळून येतं, म्हणून ती जिभेवर जड लागते आणि चव रेंगाळते. ‘कडक’ म्हणून तिला घाबरायचं मात्र कारण नाही : एका छोट्या कपात साधारण ६०-६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, ड्रिप कॉफीच्या मोठ्या मगपेक्षा कमीच.

मला चुटपुट लागते ती निराळ्याच गोष्टीची. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टा असते आणि क्रेमा दाट धरते ती रोबस्टामुळेच. आपल्या कॉफीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. मंगळूरच्या किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात फुगवलेली ‘मान्सून्ड मलबार’ही तिकडच्या मिश्रणांत जाते. म्हणजे कोडगू-चिकमगळूरचं बी मिलानला पोचतं आणि आपल्या मांडवात मात्र पुडीतली पावडर.

लग्नाच्या स्टॉलवाल्यांना म्हणून एक सुचवतो. वाफेची नळी आणि तो फेस तसाच राहू द्या, मगमध्ये मात्र ताज्या दळणाचं दाट डिकॉक्शन घाला. ती एस्प्रेसो होणार नाही, पण कॉफी नक्की होईल. आणि वाचकांनी नाशकात चांगला कॅफे दिसला तर एकदा बिनदुधाची एस्प्रेसो मागावी, आधी ढवळावी आणि गार व्हायच्या आत दोन-तीन घोटांत संपवावी.