समुद्राखालचे तेल संगणकात कसे दिसते?

पेण / रोहा - खास प्रतिनिधी

मुंबई-गोवा महामार्गाने पेण आणि वडखळ ओलांडले की काही वेळातच नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पाचे उंच मनोरे नजरेस पडतात. रोहा तालुक्यातील या प्रकल्पाचा जन्म झाला तो मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, अरबी समुद्राच्या तळाखाली सापडलेल्या वायूमुळे. समुद्रातील तेल आणि वायू नळांवाटे उरणला येतात. तेथे वायूतील इथेन व प्रोपेन हे घटक वेगळे करून नागोठण्याला धाडायचे आणि त्यांपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल तयार करायचा, अशी ही साखळी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'आयपीसीएल' या सरकारी कंपनीने हा गॅस क्रॅकर प्रकल्प उभारला. २००२ मध्ये कंपनीचे व्यवस्थापन रिलायन्सकडे गेले आणि २००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली. अलिबागजवळचा थळ येथील 'आरसीएफ'चा खत कारखानाही समुद्रातील याच वायूच्या भरवशावर उभा राहिला.

असा कारखाना एकदा उभा राहिला की तो तीस-चाळीस वर्षे चालावा लागतो. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो, की जमिनीखालचा वायू तितकी वर्षे पुरेल हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवायचे? समुद्रतळाखाली हजार-दीड हजार मीटर खोलीवरचा साठा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तरीही कोट्यवधी रुपयांचे निर्णय घ्यावे लागतात. हे निर्णय आज ज्या संगणकप्रणालींच्या आधारे घेतले जातात, त्यांना 'रिझर्व्हॉयर मॉडेलिंग' किंवा साठ्याच्या प्रारूपाचे सॉफ्टवेअर म्हणतात. एरवी हा विषय तेल कंपन्यांच्या बंद दालनांतच राहतो. मात्र त्याचे परिणाम रायगडसारख्या जिल्ह्यांतील कारखाने, जमिनी आणि रोजगार यांच्यापर्यंत पोहोचत असल्याने सामान्य वाचकानेही तो समजून घेणे आवश्यक आहे.

भूगर्भात तेलाचे तळे नसते

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. जमिनीखाली तेलाचे तळे किंवा वायूची पोकळी नसते. खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत, स्पंजात पाणी मुरावे तसे तेल आणि वायू मुरलेले असतात. खडकात छिद्रांचे प्रमाण किती, याला सच्छिद्रता म्हणतात. ती छिद्रे एकमेकांशी किती जोडलेली आहेत आणि त्यांतून द्रव किती सहज वाहू शकतो, याला पारगम्यता म्हणतात. एखाद्या खडकात तेल भरपूर असले, पण छिद्रे परस्परांशी जोडलेली नसली, तर ते तेल विहिरीपर्यंत येत नाही.

रायगडच्या वाचकाला हे विहिरीच्या उदाहरणाने चटकन कळेल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या काळ्या कातळात दोन विहिरी शेजारी शेजारी खोदल्या तरी एकीला पाणी लागते आणि दुसरी कोरडी जाते, कारण पाणी असते ते कातळाच्या भेगांत. पेणच्या खारेपाटाचा अनुभव याहून वेगळा आहे. खाडीकाठच्या विहिरीतून गोडे पाणी प्रमाणाबाहेर उपसले की खालून आणि बाजूने खारे पाणी आत शिरते. तेलविहिरींचेही नेमके असेच होते. तेलाच्या खाली पाणी असते आणि अनेक ठिकाणी वर वायू असतो. तेल घाईने उपसले तर पाणी वर चढते किंवा वायू खाली ओढला जातो आणि तेल मात्र खडकातच अडकून पडते. जगभराचा सर्वसाधारण अनुभव पाहता, साठ्यातील तेलापैकी सुमारे एक-तृतीयांशच प्रत्यक्षात बाहेर काढता येते. विहीर कोठे खोदायची, किती वेगाने उपसा करायचा आणि दाब टिकवण्यासाठी पाणी कोठे सोडायचे, यांवर हे प्रमाण अवलंबून असते. त्यासाठीच प्रारूप हवे.

वीतभर छिद्रातून तालुक्याचा नकाशा

प्रारूपाचा पहिला टप्पा भूशास्त्रज्ञांचा असतो. जहाजातून ध्वनिलहरी समुद्रतळाखाली सोडतात आणि निरनिराळ्या थरांवरून परतणारे त्यांचे प्रतिध्वनी नोंदवतात. त्यावरून थरांचे उंचवटे, खोलगट भाग आणि भेगा यांचा अंदाज येतो. मात्र या लहरींना बारीक थर दिसत नाहीत. विहीर खोदल्यावर तिच्यात उपकरणे सोडून खडकाचे गुणधर्म मोजतात, काही ठिकाणी खडकाचे नमुने वर काढून प्रयोगशाळेत तपासतात. ही माहिती अचूक असते, पण ती वीतभर रुंदीच्या छिद्रापुरती. दोन विहिरींमध्ये मात्र शेकडो मीटरांचे, कधी काही किलोमीटरांचे अंतर असते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत ठिकठिकाणी वीतभर रुंदीची छिद्रे पाडून संपूर्ण परिसराच्या जमिनीचा नकाशा काढायला सांगावे, तसेच हे काम आहे.

मधली रिकामी जागा भरण्यासाठी सॉफ्टवेअर संख्याशास्त्राचा आधार घेते. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रिग यांनी १९५० च्या दशकात सोन्याच्या खाणींसाठी मोजक्या नमुन्यांवरून उरलेल्या भागाचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. फ्रेंच गणितज्ञ जॉर्ज मॅथेराँ यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. जवळच्या नमुन्याला अधिक वजन, दूरच्याला कमी, हे तिचे साधे तत्त्व. संगणक साठ्याचे लाखो ठोकळ्यांत विभाजन करतो आणि प्रत्येक ठोकळ्याला सच्छिद्रता, पारगम्यता व तेल-पाण्याचे प्रमाण यांचे आकडे देतो. एकेक ठोकळा बहुधा पन्नास-शंभर मीटर लांब-रुंद आणि मीटरभर किंवा काही मीटर जाडीचा असतो. त्याच्या आत काय फरक आहे हे प्रारूपाला दिसत नाही, एका ठोकळ्याला एकच सरासरी आकडा.

दुसरा टप्पा असतो प्रवाहाचा. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून पाणी झिरपण्याचा नियम शोधला. दाबातील फरक जितका अधिक आणि वाट जितकी मोकळी, तितका प्रवाह अधिक. द्रव जितका दाट, तितका तो कमी. आजच्या महागड्या प्रणालींच्या गाभ्याशीही हाच नियम आहे. एका ठोकळ्यातून शेजारच्या ठोकळ्यात किती तेल, किती पाणी आणि किती वायू गेला, याचा हिशेब संगणक मांडतो. एकूण वस्तुमान कोठेही वाढता किंवा घटता कामा नये, ही अट पाळत तो काही दिवसांच्या टप्प्यांनी वीस-तीस वर्षांचा काळ पुढे नेतो. अर्थात प्रत्येक टप्प्यावर लाखो समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. त्यासाठी शक्तिशाली संगणक लागतात, तरी एकेका आवर्तनाला कित्येक तास जातात.

या क्षेत्रातील 'एक्लिप्स' ही प्रसिद्ध प्रणाली १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये विकसित झाली. थरांचे प्रारूप रचणारी 'पेट्रेल' नॉर्वेतून आली. दोन्ही आज एसएलबी, म्हणजे पूर्वीच्या श्लम्बर्जर कंपनीकडे आहेत. कॅनडातील कॅलगरीचा 'कॉम्प्युटर मॉडेलिंग ग्रुप' १९७८ पासून याच कामात आहे. तेलसेवा क्षेत्रातील हॅलिबर्टनसारख्या कंपन्यांचे तंत्रज्ञान केंद्र पुण्यात असल्याने मराठी अभियंत्यांना हा विषय परका राहिलेला नाही. विद्यार्थ्यांसाठी आता 'ओपीएम फ्लो' ही खुली, विनामूल्य प्रणाली उपलब्ध आहे. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने २०१८ मध्ये आपल्या व्हॉल्वे या बंद झालेल्या तेलक्षेत्राची सर्व माहितीही अभ्यासासाठी खुली केली आहे.

मुंबई हायचा धडा

'सागर सम्राट' या खोदजहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. येथील मुख्य साठा चुनखडकात आहे. हा चुनखडक एकसंध नाही. त्याचे अनेक पातळ थर असून त्यांच्यामध्ये शेलचे अभेद्य पडदे आहेत. काही थरांतून द्रव सहज वाहतो, तर काहींतून अगदी सावकाश. साठ्यातील दाब घटू लागल्यावर १९८० च्या दशकात समुद्राचे पाणी आत सोडण्यास सुरुवात झाली. पाण्याने तेलाला विहिरीकडे ढकलावे, ही अपेक्षा. परंतु मोकळी वाट असलेल्या थरांतून पाणी पुढे पळते आणि थेट उत्पादन विहिरीत शिरते. घट्ट थरांतील तेल मागेच राहते. कोणत्या थरात तेल राहिले आहे, हे शोधून तेथे आडव्या किंवा वळणदार विहिरी नेणे, हे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या मुंबई हायच्या पुनर्विकासाचे मुख्य सूत्र होते. त्यासाठी साठ्याची नवी प्रारूपे तयार करावी लागली. ओएनजीसीची साठ्यांचा अभ्यास करणारी स्वतंत्र संस्था अहमदाबादला आहे. समुद्रातील बांधकामांचा अभ्यास करणारी संस्था रायगडमध्येच, पनवेलला आहे.

प्रारूप खरे की खोटे, हे ठरवण्याची एकच कसोटी आहे. तिला अभियंते इतिहासजुळणी म्हणतात. प्रारूप सुरुवातीच्या वर्षापासून चालवायचे आणि त्यातून येणारे तेल, पाणी व दाब यांचे आकडे प्रत्यक्षातील नोंदींशी ताडून पाहायचे. जुळले नाहीत तर पारगम्यता बदलायची, एखादी भेग उघडायची किंवा बंद करायची आणि पुन्हा चालवायचे. मात्र येथेच मोठी मेख आहे. एकच इतिहास अनेक वेगवेगळ्या प्रारूपांतून जुळवता येतो. भूतकाळ सारखाच सांगणारी दोन प्रारूपे भविष्य मात्र अगदी निराळे सांगू शकतात. म्हणूनच जाणकार एकच आकडा देत नाहीत. शेकडो प्रारूपे चालवून ते कमी, मध्यम आणि अधिक असे तीन अंदाज मांडतात.

अंदाज चुकला तर?

प्रारूप आणि वास्तव यांत अंतर पडले की काय होते, याचे देशातील ठळक उदाहरण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील केजी-डी६ क्षेत्राचे. तेथील मुख्य साठ्यातून एप्रिल २००९ मध्ये वायू येऊ लागला. दिवसाला ८ कोटी घनमीटरची अपेक्षा होती. २०१० मध्ये उत्पादन ६ कोटींच्या आसपास पोहोचले आणि नंतर झपाट्याने घसरत गेले. २०१२ मध्ये साठ्याचा अंदाजच मूळच्या सुमारे तृतीयांशावर आणला गेला. भूगर्भाची रचना अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीची निघाली, असे कंपनीचे म्हणणे होते. ठरल्याइतक्या विहिरी खोदल्या नाहीत, असा सरकारी यंत्रणेचा आक्षेप होता. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या साठ्यातील उत्पादन थांबले.

या घसरणीची झळ कोकणालाही बसली. गुहागर तालुक्यातील दाभोळचा वीजप्रकल्प याच वायूवर चालू होता. २०१३ मध्ये वायूअभावी तेथील वीजनिर्मिती थांबली आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी मर्यादित प्रमाणात पुन्हा सुरू झाली. सुमारे दोन हजार मेगावॉट क्षमतेचा प्रकल्प उभा असून त्याला इंधन नाही, ही स्थिती हजार किलोमीटरवरच्या समुद्रतळाखालील एका अंदाजातून निर्माण झाली होती. वीजकेंद्राच्या यंत्रसामग्रीत काही दोष नव्हता.

नागोठण्याने वेगळी वाट धरली. रिलायन्सने अमेरिकेतून जहाजांनी इथेन आणण्याची व्यवस्था केली आणि गुजरातमधील दहेजपासून नागोठण्यापर्यंत सुमारे ५०० किलोमीटर लांबीची वाहिनी टाकली. २०१७ पासून हे आयात इथेन येऊ लागले. समुद्रातील वायूवर उभा राहिलेला कारखाना असा निम्म्या जगापलीकडच्या वायूशी जोडला गेला. कारखाना चालू राहिला, तरी त्याचा हिशेब आता अमेरिकेतील दर, जहाजभाडे आणि डॉलरचा भाव यांच्याशी बांधला गेला आहे.

आता काय पाहायचे?

मुंबई हायचा पुढचा अध्याय २०२५ मध्ये सुरू झाला. ओएनजीसीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवड केली. तेल व वायूचे एकत्रित उत्पादन आधाररेषेच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असे बीपीने सूचित केले आहे. सुरुवातीची दोन वर्षे ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या महसुलात हिस्सा, अशी मोबदल्याची रचना आहे.

'आधाररेषा' हा यातला कळीचा शब्द आहे. नवी कंपनी आली नसती तर मुंबई हायमधून दरवर्षी किती तेल निघाले असते, याचा अंदाज म्हणजे आधाररेषा. जे घडणारच नाही त्याची मोजणी करता येत नाही, तो आकडा अंदाजानेच काढावा लागतो. आधाररेषा खाली धरली तर वाढ मोठी दिसेल आणि मोबदलाही अधिक द्यावा लागेल. ती वर धरली तर खरी मेहनतही आकड्यांत दिसणार नाही. सार्वजनिक कंपनीच्या तिजोरीतून जाणारा पैसा अशा रीतीने भूगर्भाच्या अंदाजावर अवलंबून राहतो.

यापुढे साठ्याच्या घोषणांचे मथळे वाचताना वाचकाने काही प्रश्न जरूर विचारावेत. जाहीर झालेला आकडा कमी, मध्यम आणि अधिक या तीन अंदाजांपैकी कोणता? तो जमिनीखाली असलेल्या साठ्याचा आहे की बाहेर काढता येण्याजोग्या भागाचा? प्रारूपाची जुळणी किती वर्षांच्या उत्पादनाशी केली आहे, की उत्पादन सुरू होण्यापूर्वीच तो दिला आहे? आणि या आकड्याच्या भरवशावर एखादा कारखाना किंवा वीजकेंद्र उभे राहणार असेल, तर कमी अंदाज खरा ठरल्यास इंधन कोठून आणणार? पेण आणि रोह्याच्या परिसरात नव्या वाहिन्या आणि प्रकल्प यांची चर्चा नेहमीच चालू असते. जमीन देणाऱ्या आणि नोकरीची आशा ठेवणाऱ्या कुटुंबांना यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जमीन देण्यापूर्वी मिळायला हवे.