चढ, उतार आणि ऊन

रस्त्यावरची मॅरेथॉन पुरी केलेले कितीतरी धावपटू सह्याद्रीतल्या डोंगरी शर्यतीला नाव नोंदवतात आणि सराव मात्र जुनाच ठेवतात: आठवड्याला ठरलेले किलोमीटर, रविवारी एक लांब धाव, तीही उजाडायच्या आत. डांबरी रस्त्यावर हे गणित जमते. गडवाटांवर फसते, कारण तिथे खरी परीक्षा चढाची, उताराची आणि उन्हाची असते.

आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी पायवाट जेमतेम तीन किलोमीटरची, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने सिंहगडाच्या वाटेवर चालणाऱ्याची अंतरापायी ३६ मिनिटे जातात, चढापायी पूर्ण तास. म्हणून सरावाच्या वहीत किलोमीटरशेजारी चढाचे मीटरही लिहावेत. सिंहगड, राजगड आणि तोरणा जोडणाऱ्या ५३ किलोमीटरच्या अल्ट्रा शर्यतीची तयारी करणाऱ्याला तर याशिवाय वेळेचा अंदाजच येणार नाही. उभ्या चढावर झपाझप चालणे हेही कौशल्य आहे. कसलेले धावपटूही तिथे चालतात.

चढ दम काढतो, पण शर्यत बहुतेकदा उतारावर हातची जाते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही जड जाते. दिलासा असा की एकदा असा ताण सोसलेले स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला अधिक चांगले तोंड देतात. तेव्हा गड चढून जीपने खाली येणे म्हणजे अर्धा सराव सोडून देणे. पावले आखूड टाका, नजर चार पावले पुढे ठेवा. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताखाली लपलेला घसारा पाय सरकल्याशिवाय कळत नाही.

आता ऊन. धावताना स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही मोठा भाग उष्णतेत जातो. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घामाचे बाष्पीभवन, आणि दमट हवेत घाम नुसताच निथळतो. तरीही शरीर शिकते. रोज तासभर उष्ण हवेत हलका व्यायाम केला तर साधारण दहा ते चौदा दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ घटते, नाडी कमी धावते. उन्हापासून दूर राहिले की काही आठवड्यांत ही कमाई ओसरते. ऑक्टोबर हीटमध्ये मिळवलेली सवय डिसेंबरच्या शर्यतीपर्यंत टिकत नाही. म्हणून शर्यतीआधीच्या पंधरवड्यात काही धावा मुद्दाम उशिरा, ऊन चढल्यावर कराव्यात. सुरुवात वीस-पंचवीस मिनिटांपासून, वेग कमी ठेवून आणि सोबत कुणीतरी घेऊन.

पाण्याबाबत दोन्ही टोके घातक. कमी प्यायले तर त्रास होतोच, पण तासन्‌तास नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले सोडियम खाली जाऊन जीवावर बेतू शकते. तहान लागेल तसे प्यावे. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, ओआरएस, खारे शेंगदाणे, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याची चिक्की हे सगळे चालते. मात्र यातले काय पचते हे सरावातच पाहून ठेवावे. सरावाआधी आणि नंतर वजन केले की आपला किती घाम जातो तेही कळते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी शर्यतीत घेण्याची सवय मात्र सोडाच. निर्जल शरीरात ती मूत्रपिंडावर घाव घालते.

शेवटची गोष्ट प्रत्येक धावपटूने पाठ करावी. उन्हात एखादा सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, विनाकारण चिडू लागला तर तो उष्माघात समजा, अंगाला घाम असला तरीही. आपली शर्यत तिथेच थांबवा. त्याला सावलीत न्या, मदत बोलवा आणि जवळचे सगळे पाणी त्याच्या अंगावर ओता, वारा घाला. बर्फ किंवा गार पाण्याचे टाके असेल तर डोके वर धरून त्यात बसवा. आधी शरीर थंड करायचे, मग रुग्णालय गाठायचे. हा क्रम बदलू नका.