केळ्याची साल सुटते कशी?

पेशींच्या घरात : भाग ७

गेल्या आठवड्यात पेशीचं कुंपण पाहिलं. जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचं, स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं प्रद्रव्यपटल. वहीच्या एका कागदाची जाडी भरायची तर अशी दहा हजारांहून जास्त पटलं एकावर एक रचावी लागतील. आज या कुंपणातून कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं ते बघू. त्यासाठी सावद्याला जाऊ.

सावदा स्थानकातून दिल्लीकडे केळी भरून जातात, तेव्हा घड हिरवेकच्च असतात. असं कच्चं केळं भाजीसाठी सोलायचं तर सुरी हवी. हाताला तेल लावलं तरी चीक बोटांना चिकटतोच, आणि साल निघते ती गराचे लचके घेऊन. तेच केळं रायपनिंग चेंबरमधून पाच-सहा दिवसांनी बाहेर आलं, की देठाशी चिमटा काढायचा अवकाश, साल आपसूक उलगडते. साल आणि गर वेगवेगळे तोलून पाहा. गराचा वाटा वाढलेला असतो, सालीचा घटलेला. सालीतलं पाणी गरात गेलेलं असतं.

का गेलं? कच्च्या गरात वीसेक टक्के स्टार्च असतो. स्टार्च म्हणजे साखरेच्या हजारो रेणूंची माळ, थंड पाण्यात न विरघळणारी. पाण्याच्या लेखी ती जवळपास नसल्यासारखीच. चेंबरमध्ये इथिलीन वायू सोडला, की केळ्यातलीच विकरं या माळा तोडू लागतात आणि बहुतेक स्टार्चची साखर होते. आता मणी न् मणी सुटा, विरघळलेला. परासरणात, म्हणजे पटलातून पाणी सरकण्याच्या या खेळात, वजनाला किंमत नाही, मोजदाद होते ती सुट्या कणांची. साखर सालीतही वाढते, पण गराच्या मागून रडतखडत. साखरेला पटल सहज ओलांडता येत नाही, पाण्याला येतं; मग जिकडे कणांची दाटी, तिकडे पाणी सरकतं. वरून साल बाहेरच्या हवेलाही पाणी देत असते, म्हणजे गळती दोन्ही अंगांनी. (पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिनही याच दिवसांत सैल होतं. साल सुटण्याचं सगळं श्रेय परासरणाला देऊ नये.)

पण तेलाला तर पाण्याचं वावडं! स्निग्ध थरातून पाणी जातं कसं? थोडं झिरपतं, केळीसारख्या तहानलेल्या झाडाचं तेवढ्यावर भागत नाही. अमेरिकेत पीटर ॲग्रे तांबड्या रक्तपेशींवर काम करत होते, तेव्हा त्यांच्या हाती एक अनोळखी प्रथिन लागलं. १९९२ साली त्यांच्या चमूने ते बेडकीच्या अंडपेशींत बनवून घेतलं आणि त्या पातळ द्रावणात सोडल्या. काही मिनिटांत त्या फुगून फुटल्या. प्रथिन नसलेल्या शाबूत राहिल्या. पाण्याचं दार सापडलं होतं. अशा एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत जातात. ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ही दारं केळीच्या मुळांतही आहेत, आणि ती मिटतातही. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं, की बागेत पाणी उभं असूनही पानं मलूल होतात. शेतकरी म्हणतो, वाफसा नाही. मातीच्या पोकळ्यांत हवा उरलेली नसते. मुळांचा श्वास कोंडतो, पेशीत आम्लता वाढते आणि त्या आम्लतेने पाण्याची दारं बंद होतात. पोटॅशचं तर त्याहून अवघड. मुळाच्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, म्हणजे ते चढावर ओढून आणायचं. पटलातले पंप हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात, आणि त्या ताणाच्या जोरावर पोटॅशियम आत येतं. पंपाला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन. वीज गेली की विहिरीवरची मोटर थांबते, तसंच. अशा वेळी ठिबकमधून आणखी पोटॅश सोडणं म्हणजे पैसे मातीत घालणं. खत फारच झालं तर कणांची दाटी मातीतच होते आणि पाणी मुळांतून उलटं बाहेर निघतं. बुडाशी युरियाचा ढीग पडलेलं रोप करपतं ते त्यामुळे.

राहता राहिला फ्रिज. तिथेही गोष्ट पटलाचीच. साधारण १३ अंशांखालची थंडी केळ्याला सोसत नाही. डब्यातलं तूप थिजावं तशी पटलातली स्निग्धं थिजतात आणि पटल गळकं होतं. सालीच्या पेशीत फिनॉल जातीची द्रव्यं रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, कोंडलेली असतात; त्यांना काळं करणारं विकर बाहेर असतं. पटल फाटलं की दोघांची गाठ पडते आणि साल काळी होते. डिसेंबर-जानेवारीत रावेर-सावद्याकडे पारा १० च्या खाली उतरला, की बागेतल्या घडांनाही थंडी बाधते. म्हणून लोक रात्री पाणी सोडतात, बांधावर शेकोट्या धुमसत ठेवतात.

फ्रिजमध्ये काळं पडलेलं पिकलं केळं मात्र लगेच फेकू नका. आतला गर बहुधा ठीक असतो. शिकरण करा.