शिडाच्या होडीची सफर

चार मित्रांनीं मुंबईहून मांडव्यास शिडाच्या होडीनें जावयाचें ठरविलें, तर पहिला विचार वाऱ्याचा. रात्रीं समुद्रापेक्षां जमीन लवकर निवते, म्हणून हिवाळ्यांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो. दुपारीं जमीन तापली, कीं समुद्रावरून वायव्येचा वारा येऊं लागतो. परतीची दिशा त्याच्याच तोंडावर असल्यानें नागमोडी वाट काढीत यावें लागतें. वेळ पुष्कळच अधिक लागतो. सुमारें सहा तासांनीं पालटणारी भरती-ओहोटीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिची ओढ मोठी. होडींत आज्ञा एकाचीच चालावी. मात्र वारा वाढतांच शीड उतरविण्यांत त्यानें कमीपणा मानूं नये. कारण त्याच्या हट्टाची किंमत साऱ्या सोबत्यांस मोजावी लागते.